दहा रुपयांची जुडी आणि रिकामं परस

या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कळमनुरीतच नात्यातल्या एका घराच्या वास्तुशांतीला गेले होते. घर देखणं झालंय. पाहुण्यांना खोल्या दाखवता दाखवता घरधनी मागच्या दारी घेऊन गेले आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "पुढं-मागं सगळीकडं फरशी करून टाकली. मातीचा एक कण ठेवला नाही." मागं पंधरा फुटांची मोकळी जागा होती. कोपऱ्यात बोअर, नळ, आणि मोरीचं पाणी पाइपानं थेट नालीत. मी म्हटलं, "भिंतीकडेनं एखादा वाफा ठेवायचा होता. एक शेवगा, कढीपत्ता, चार वेल." सगळे हसले. त्यांतलं एक जण म्हणालं, "मावशी, दहा रुपयांना मेथीची जुडी मिळते. त्यासाठी रोज चिखल कोण तुडवणार?"

त्या हसण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. हे एका घराचं मत असतं तर मी गप्प बसले असते. पण आता नोकरदार हेच बोलतो, दुकानदार हेच बोलतो आणि ज्याच्या सातबाऱ्यावर दहा एकर आहेत तोही हेच बोलतो. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडते. भाजी बाजारात स्वस्त मिळते, मग घरी लावणं म्हणजे वेळेची नासाडी. ज्याला शेत आहे त्याला परसबागेची गरज नाही, ज्याला शेत नाही त्याला जागा नाही. मराठवाड्यात माणसाला प्यायला पाणी पुरत नाही, तिथं दोडक्याला कुठून आणायचं? लावलंच तर माकडं ठेवत नाहीत. शिवाय सगळं काम शेवटी बाईच्याच अंगावर पडतं. आणि परसबाग म्हणजे पुण्या-मुंबईच्या गच्चीवरचा छंद, नाहीतर सरकारचा फोटोपुरता उपक्रम.

ही सगळी कारणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. आज ती एकेक करून तपासते.

सुरुवात त्या दहा रुपयांच्या जुडीपासून. कळमनुरी शहरात भाजीचा गाडा दारावर येतो, हे खरं. पण तालुक्यातल्या बहुतेक गावांत हिरवी भाजी येते ती आठवडी बाजारातून. बाजार कळमनुरीचा असो की आखाडा बाळापूरचा, आठवड्यातून एकदाच. बाजाराच्या दिवशी पिशवीत मेथी, पालक, शेपू, सांबार येतो. घरात फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते. मग तिसऱ्या दिवसापासून काय शिजतं? बटाटा, वरण, पिठलं, शेंगदाण्याचं तिखट. पुढच्या बाजारापर्यंत हेच. सात दिवसांत हिरवं पान ताटात येतं दोन दिवस. दहा रुपयांचा हिशेब सांगणारे या उरलेल्या पाच दिवसांचा हिशेब कधी सांगणार?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसानं दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला दोन किलो, आठवड्याला चौदा किलो. चौदा किलो भाजी-फळं बाजारातून डोक्यावर आणणारं घर तुम्ही पाहिलंय? मी पाहिलेलं नाही. आपण दोन-तीन किलो आणतो, त्यातही निम्मे कांदे-बटाटे, कारण ते टिकतात. म्हणजे आपली जीभ काय मागते किंवा अंगाला काय लागतं यावर आपली भाजी ठरत नाही. पिशवीत काय टिकेल यावर ठरते. परसातल्या माणसाला टिकवायची चिंताच नसते. जेवायच्या वेळी तोडायचं आणि फोडणीला टाकायचं.

आणि स्वस्त म्हणजे नेमकं केव्हा स्वस्त? 2023 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात टोमॅटोला भाव नव्हता, शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतून दिला. त्याच वर्षी जुलैत तोच टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला आणि घराघरांतून दिसेनासा झाला. दोन महिन्यांत! अशा बाजारावर ताट सोपवून निर्धास्त कसं राहायचं? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद पडले, तेव्हाचे दिवस इतक्या लवकर विसरलात? तेव्हा ज्यांच्या मागच्या दारी दोन वेल आणि शेवग्याचं झाड होतं, त्यांच्याकडं शेजारी वाटी घेऊन येत होते.

आता ताटातल्या उणिवेचा परिणाम बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, 2015-16 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 48 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, तो आकडा 54.2 टक्क्यांवर गेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो 68.9 टक्के आहे. म्हणजे अंगणवाडीच्या पटावर दहा लेकरं असतील तर जवळपास सात जणांचं रक्त कमी. याच वर्षांत रस्ते झाले, दुकानं वाढली, गावोगावी कुरकुऱ्यांची पाकिटं पोचली. लेकरांच्या रक्तात मात्र भर पडली नाही. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत आणि तो नुसत्या भाजीनं जात नाही, हे मला माहीत आहे. औषधाच्या गोळ्या लागतात, डाळ-अंडी लागतात. पण शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, अ जीवनसत्त्वाचा स्रोत आहे. त्या पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. शेवगा आणि लिंबू ही दोन झाडं एकदा लावली की वर्षानुवर्षं उभी राहतात. ज्या राज्यात जवळपास सत्तर टक्के लेकरांचं रक्त कमी आहे, तिथं ही दोन झाडं मागच्या दारी नसणं ही लाजेची गोष्ट नाही का?

दुसरं कारण मला सगळ्यांत जास्त टोचतं: "शेत असताना परस कशाला?" हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकताना जीव तुटतो. कारण शेत आहे, पण शेतात खायचं काय आहे? आमच्या हिंगोली जिल्ह्यात पावसाळ्यात जाल तिकडं सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथं हळद. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण हळद आणि सोयाबीन दोन्ही बाजारात जातात, आणि त्याच बाजारातून शेतकऱ्याची बायको मिरची-वांगी विकत आणते. आमच्या आज्यांच्या काळात तिफणीमागं मोघं धरून बाया चवळी, मूग, तीळ, अंबाडी पाट्यात टाकायच्या. कपाशीत वाळकं लागायची. ज्वारीच्या कडेनं अंबाडी उभी असायची. निंदताना तांदुळजा, घोळ, कुंजरू, पाथरी खुडून ओटीत टाकलं की संध्याकाळची भाजी झाली. आता तणनाशक मारलं की हे सगळं तण म्हणून एका दिवसात मरतं. तणनाशकानं तण मारलं, हे आपण लगेच मोजलं. त्याबरोबर किती भाज्या मारल्या, हे कुणी मोजलं? शेतातून भाजी गेली, म्हणून तर परसाची गरज दुप्पट झाली. "शेत असताना परस कशाला" हे वाक्य पन्नास वर्षांपूर्वी कदाचित खरं ठरलं असतं. आज ते साफ खोटं आहे.

आता पाणी. या मुद्द्यावर मराठवाड्यात कुणीही मान डोलावतं, म्हणून तो आकड्यांनीच तपासायला हवा. जलजीवन मिशनचं मोजमाप आहे माणशी दिवसाला 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. यातलं पिण्या-स्वयंपाकाला लागतं थोडं. बाकीचं आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी मोरीतून बाहेर पडतं. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला हिवाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पुरतं. एप्रिल-मे मध्ये दुप्पट धरा, तरी शंभर लिटर. म्हणजे भाजीसाठी टँकर मागवायचा नाही, नवं बोअर घ्यायचं नाही. जे पाणी आपण नालीत सोडून डास पाळतो, तेच वळवायचं. सोड्या-साबणाचं धुण्याचं पाणी पालेभाजीवर घालू नका, ते केळीला आणि शेवग्याच्या आळ्यात सोडा. भांडी विसळल्याचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं पाणी वाफ्यांना द्या. हे शोध नाहीत. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी केळ आणि आळू असायचंच, ते काय शोभेला लावलं होतं? शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि ती रीत नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर पोचली. सांडपाण्याला किंमत असते हे शेजारच्या गावानं दाखवून दिलं, आणि आपण अजून पाणी नाही म्हणून हात वर करतोय. पाण्याची टंचाई खरी आहे. पण टंचाई असलेल्या गावात आंघोळीचं पाणी नालीत सोडणं हा गुन्हा आहे, आणि परसबाग तो गुन्हा थांबवण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

जागेचंही तसंच. माझ्या घरामागं बारा बाय वीस फुटांची जागा आहे. निम्म्यात तुळस, धुणं वाळवायची तार आणि सायकल. उरल्या जागेत पालक-मेथीचे दोन छोटे वाफे, मिरचीची सहा आणि वांग्याची चार झाडं, भिंतीला दोडका आणि कारलं, कोपऱ्यात शेवगा. मेथी महिन्याच्या आत हाताशी येते, पालक महिना-सव्वा महिन्यात, भेंडी पन्नासएक दिवसांत. एक वाफा रिकामा झाला की दुसरा तयार असतो. परसाला मोठा बंगला लागत नाही, आठवड्याचा विचार लागतो.

या दोडक्याविषयी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवसभर मिटलेल्या कळ्या ऊन उतरलं की पिवळ्याधमक उघडतात. नर फुलं झुबक्यानं येतात, मादी फूल एकटं येतं आणि देठाशी बोटाच्या पेराएवढा दोडका घेऊनच येतं. पहिल्या वर्षी माझा वेल फुलांनी भरला, पण बारके दोडके पिवळे पडून गळायचे. सासूबाईंनी दाखवलं. दिवेलागणीला एक नर फूल तोडायचं आणि मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हातानं फिरवायचं. दोन दिवसांत दोडका मान लांबवायला लागतो. वेलावरचा सगळ्यांत सरळ, पहिल्या बहारातला एक दोडका सासूबाई बियाण्याला राखायच्या आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायच्या. चिंधी बांधलेल्या दोडक्याला घरात कुणी हात लावत नसे. तो वेलावरच वाळतो, हलवला की खुळखुळतो, मग त्याच्या टोकाचं टोपण गळून पडतं आणि काळ्या बिया तळहातावर ओतता येतात. राखेत घोळून त्या गाडग्यात ठेवायच्या. उरलेल्या जाळीनं पाठ घासायची. एका दोडक्यातून पुढच्या वर्षीचा वेल, शेजारणींना द्यायला वाण आणि घरातल्या सगळ्यांची आंघोळ! हे ज्ञान दहा रुपयांच्या जुडीबरोबर कुठल्या दुकानात मिळतं?

बियाण्याचा मुद्दा छोटा समजू नका. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा येतो आणि झाडच्या झाड वाया जातं. त्या रोगाला दाद न देणारं 'परभणी क्रांती' हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठानं, म्हणजे आपल्याच शेजारी, ऐंशीच्या दशकात तयार केलं. ते सरळ वाण आहे, त्याचं बी घरी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाणांचं बी जपलं, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम कुठल्या प्रयोगशाळेत सुरू झालं नाही. घराभोवतीच्या मातीतच सुरू झालं. अशा बाईचा पुरस्कार टाळ्या वाजवून बघायचा आणि आपल्या परसात फरशी घालायची, हे कसलं कौतुक?

माकडांचं कारण मी खोटं म्हणणार नाही. त्यांचा त्रास आमच्याकडं आहे, माझा टोमॅटोचा वाफा एका सकाळीत उद्ध्वस्त झालाय. पण म्हणून काय? हळद, आलं, आळू, सुरण, मिरची यांच्या वाटेला माकडं सहसा जात नाहीत. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हळदीचे चार गड्डे कसे लावायचे हे शिकवायला हवं का? पालेभाजीच्या वाफ्यावर जाळी टाकता येते. शेत चहूबाजूंनी उघडं असूनही सोयाबीनची आपण रात्रभर राखण करतो. मग शंभर फूट भाजीला जाळी लावताना एवढी अडचण का वाटते? कारण सोयाबीनला आपण उत्पन्न मानतो, भाजीला मानत नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप बाईच्या कष्टांचा. त्याचा मी आदर करते, कारण घर, धुणं आणि शेत ओढणाऱ्या बाईवर आणखी एक ओझं टाकायला मी कधीच सांगणार नाही. पण हा आक्षेप बहुधा कोण घेतं, तेही बघा. बहुतेकदा तो ज्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत, अशा पुरुषांकडून येतो. बादली उचलायला, वाफा खणायला, वेलाला मांडव घालायला बाईच कशाला लागते? घरधन्यानं सकाळचा अर्धा तास आणि पोरांनी संध्याकाळचा अर्धा तास दिला की ओझं राहतंच कुठं? बाईच्या थकव्याचा आधार घेऊन स्वतःचा आळस झाकू नका.

आणि बाईच्या बाजूनं विचारायचं तर पूर्ण विचारा. शेतात काय पेरायचं हे तिला कुणी विचारत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचित असतं. घराच्या मागचे शंभर फूट ही तिच्या मनाप्रमाणं काही लावता येईल अशी बहुतेक घरांत एकच जागा. ज्यादा झालेले दोडके विकून आलेले पन्नास रुपये तिच्या पदराला बांधलेले असतात, त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही. आपल्याच मराठवाड्यात, धाराशिव-लातूरकडं, दुष्काळानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायांनी घरच्यांकडून एकेक एकर मागून घेतला, त्यात आधी घरात खायच्या डाळी-भाज्या-धान्य लावलं आणि उरलं ते विकलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं त्या कामाला 2017 मध्ये इक्वेटर पुरस्कार दिला. बाईला ओझं वाटतं ते दुसऱ्यानं ठरवलेलं काम. आपल्या लेकरांच्या ताटात काय जावं हे तिनं ठरवलेलं काम तिला ओझं वाटत नाही. ते हक्काचं वाटतं.

राहिला शेवटचा आरोप, परसबाग म्हणजे शहरी छंद किंवा सरकारी उपक्रम. सरकारनं आता पोषण परसबागा बचत गटांपर्यंत आणि शाळांपर्यंत नेल्या, ते चांगलंच झालं. काही ठिकाणी ते फोटोपुरतं उरलं असेल, तर दोष फोटो काढणाऱ्यांचा. मेथीच्या वाफ्याचा त्यात काय दोष? आणि छंद म्हणता? ऋषिपंचमीला आपल्या बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. मग त्या दिवशी खायचं काय? हातानं खणलेल्या, हातानं लावलेल्या परसातलं. अळू, दोडका, भोपळा, भेंडी, अंबाडी, सगळ्यांची मिळून ऋषीची भाजी. हे व्रत ज्या समाजात रूढ झालं त्या समाजात प्रत्येक घराला परस होतं, म्हणून ते पाळता आलं. आज त्याच दिवशी बाया बाजारात रांग लावून "ऋषीच्या भाजीचा वाटा" विकत घेतात, आणि तो कुणाच्या ट्रॅक्टरनं नांगरलेल्या मळ्यातून आलाय हे कुणी विचारत नाही. अरणच्या सावता माळ्यांना मळ्याच्या कामातच विठ्ठल दिसला, असं सांगणारी आपली परंपरा. आणि आम्ही मातीत हात घालणं म्हणजे फावल्या वेळेचा चाळा समजतो?

बाजाराशी माझं वैर नाही. कांदा, बटाटा, लसूण मी बाजारातूनच आणते आणि आणत राहीन. परसातली भाजी घराचं सगळं पोट भरेल असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावरून मी मागं हटणार नाही: घर म्हणजे चार खोल्या, स्वयंपाकघर आणि परस. परस हा घराचा भाग आहे. तो काढून टाकला की घर बाजाराच्या दारात उभं राहतं, आणि बाजार देईल ते, देईल तेव्हा, देईल त्या भावानं खातं. दहा रुपयांच्या जुडीचं गणित मांडणाऱ्यांनी आधी पाच दिवस भाजी नसलेलं ताट मांडावं, रक्त कमी असलेलं लेकरू मांडावं, नालीत जाणारं दीड-दोनशे लिटर पाणी मांडावं, आणि मग सांगावं कोणतं स्वस्त पडलं.

मृग लागायला अजून थोडे दिवस आहेत. वास्तुशांतीच्या त्या घरधन्यांना, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना, माझं सांगणं आहे. मोरीच्या पाइपाजवळच्या चार फरश्या उचला. खाली हातभर खणा, शेणखत घाला, मृगाच्या पहिल्या पावसात दोडक्याच्या चार बिया टोचा. बी नसेल तर माझ्याकडून न्या, गाडग्यात आहे. साठ दिवसांत वेल भिंतीवर चढून फळाला येईल. भाद्रपदात ऋषिपंचमीला तुमच्या घरातल्या बाईच्या ताटात तुमच्या हातानं खणलेल्या मातीतली भाजी असेल. आणि वेलावरच्या पहिल्या सरळ दोडक्याला लाल चिंधी बांधायला विसरू नका.